नववी चिप

काका भाजीवालीशीही तार पाठवल्यासारखे बोलत. "दोन किलो बटाटे, अर्धा किलो वांगी, चार लिंबं. दोन, अर्धा, चार." भाजीवाली नवी असेल तर ती आणखी दोन किलो बटाटे पारड्यात टाकायला लागे. जुनी असेल तर तीच आधी म्हणे, "दोन, अर्धा, चार. समजलं काका." मग ते समाधानाने पिशवी पुढे करत.

ही सवय तारखात्यातली. टेलिप्रिंटर दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तारेत जितके आकडे असतील तितके मजकुराच्या शेवटी पुन्हा एकदा पाठवायचे, असा तिथला नियम होता. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "अक्षर चुकलं त वाचणाऱ्याले समजते वं. आजारीचं आजाती झालं तरी पोरगा गाडी पकडतेच. पण आकडा चुकला त तो दुसरा आकडा होते. अन् तोही खराच दिसते."

खातं सुटलं, नियम सुटला नाही. लग्नाचं आमंत्रण द्यायला कोणी आलं तरी काका तारीख, वेळ आणि घर नंबर शेवटी परत म्हणून दाखवत आणि समोरच्याने मान डोलवेपर्यंत त्याला उठू देत नसत.

आमची संस्था रक्तदात्यांची. धरमपेठेत एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत रक्त घ्यायची एक खाट, आतल्या खोलीत लाकडी कप्पे आणि कप्प्यांत चार हजारांवर कार्डं. एका कार्डावर एक माणूस: नाव, पत्ता, रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. रुग्णालयातून फोन आला की त्या गटाची कार्डं काढायची आणि जवळ राहणाऱ्याला निरोप धाडायचा. ही यादी सांभाळणं माझं काम होतं. मी तेवीस वर्षांची होते आणि ती माझी पहिली नोकरी. काका नोकरीला नव्हते. सकाळची वंदना आटोपून इंदोऱ्याहून सायकलने आपल्या मनाने येत, कार्डांच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत आणि मला कार्डं तपासायला मदत करत. बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी येत. दहाला का नाही, असं डॉक्टरांनी एकदा विचारलं. डॉक्टर म्हणजे आमचे सचिव.

"दहाले येतो म्हटलं का माणूस दहाच्या आसपास येते, डॉक्टरसाहेब. दहा-दहाले येतो म्हटलं का दहा-दहालेच येते."

त्यांचं एक वाक्य होतं. कोणीही काहीही खात्रीने सांगितलं की विचारत, "लिहिलं हाय, का पाह्यलं हाय?" नुसतं विचारून थांबत नसत, स्वतः पाहत. आणि त्यांचं पाहणं म्हणजे एखादी सोय मुद्दाम मोडून बघणं. जिन्यात आगीसाठी वाळूच्या तीन लाल बादल्या टांगलेल्या होत्या. सगळे त्यांच्याखालून रोज जात. काकांनी एक दिवस एक बादली खाली घेऊन वर्तमानपत्रावर पालथी केली. वर बोटभर वाळू, खाली विटांचे तुकडे आणि शेंगांची टरफलं. दुकानदाराला बोलावून एवढंच म्हणाले, "आग लागली त शेंगा भाजता येतीन."

मुलीच्या लग्नात तर त्यांनी ऐन पंगतीत मंडपाची वीज बंद केली. जनरेटर खरंच सुरू होतो का, ते पाहायला. तो झाला नाही. दिवेलागणीची वेळ, दोनशे माणसं अंधारात हातातला घास हातात धरून बसली. जनरेटरवाल्याने पंधरा मिनिटांनी त्यात प्राण आणला. त्यानंतर काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकांना मात्र आपलं काही चुकलंय असं वाटलं नाही. "आज मी बंद केली म्हणून समजलं. ते आपोआप गेली असती त?" काकू म्हणत, "पण ते गेली नव्हती ना." हा वाद पुढेही चालू राहिला.

माझ्याकडून झालेली चूक मी काकांबद्दल लिहिण्याआधी सांगायला हवी होती, पण ती इथेच येते. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात एका वहीतून मी कार्डं उतरवली. खापा गावच्या एका विणकराच्या ओळीवर पट्टी ठेवताना ती एक ओळ सरकली आणि त्याच्या कार्डावर खालच्या माणसाचा गट आला: ओ निगेटिव्ह. हा गट आमच्याकडे अगदी थोड्यांचा होता. महिन्याभराने एका बाळंतिणीसाठी तोच गट हवा झाला. मी खाप्याच्या किराणा दुकानात फोन केला. त्या माणसाने माग सोडला आणि सकाळची बस धरून आला. रुग्णालयात रक्त तपासलं तर निघालं ए पॉझिटिव्ह. तिथे तपासल्याशिवाय रक्त देत नाहीत म्हणून अनर्थ झाला नाही, पण तीन तास गेले. धावपळ करून दुसरा दाता मिळाला आणि ती बाई वाचली. तो विणकर परत जाताना आमच्याकडे डोकावला.

"मले त आजच समजलं बाई, माह्यं रक्त कोणतं हाय ते," तो म्हणाला. "ए वाल्याचं काम पडलं त बलावजा." आणि चहा पिऊन गेला.

मी रडवेली झाले होते. काका रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "आजपासून मी वाचतो, तू वहीत पाह्य. अन् दर शंभर कार्डांत मी एक मुद्दाम चुकीचं वाचीन. ते तू पकडाचं."

वाचायला बसण्याआधी ते कुठलं चुकीचं वाचणार ते एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवत, म्हणजे मुद्दाम केलेली चूक कधी खरी होऊन यादीत राहू नये. तिसऱ्याच दिवशी माझ्या हातून एक सुटली. काका वाचायचे थांबले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. मी पूर्ण शंभर परत घेतली. नंतर मला त्याची गोडी लागली. मी पकडली की ते फक्त म्हणत, "जागी हायेस." त्यापुढे कौतुक नाही.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं आणि डॉक्टरांनी संगणक घ्यायचं ठरवलं. मला ते मनापासून पटलं होतं. कार्डांची खोली रिकामी झाली तर तिथे दुसरी खाट पडेल आणि एका वेळी दोघांचं रक्त घेता येईल. शिवाय मी कामाची माणूस. चार हजार कार्डं हाताने चाळण्यात मला काही पावित्र्य वाटत नव्हतं. मी एक कागद केला: प्रोसेसर कोणता, बोर्ड कोणता, मेमरी किती. शेवटची ओळ काकांनी सांगून लिहवली: मेमरीतली चूक यंत्राला कळते का?

त्यांनी ते मला असं समजावलं होतं. यादी फ्लॉपीवरून यंत्राच्या मेमरीत येते, तिथे बदल होतात, ती परत फ्लॉपीवर जाते. त्या मधल्या वेळात मेमरीतला एखादा कण पलटला तर चूक फ्लॉपीवर जाऊन बसते, आणि नंतर ती चूक आहे हे कोणालाच कळत नाही. आमच्या प्रोग्रॅममध्ये रक्तगटाला एक ते आठ आकडे दिले होते.

"एकाचा तीन झाला त कोणाले समजन? तीन बी गटच हाय. तुह्या खाप्यावाल्यासारखा एखादा आणखी बसमधी बसन."

म्हणून मेमरीच्या चिपा आठ-आठच्या रांगेत न बसवता नऊ-नऊच्या बसवतात. "आठ जण आत काम करून राहिले. नववी दारात उभी. तिले आत काय चाललं ते माहीत नाई. ते फक्त मोजते, आतले सम हाय का विषम. एकानं बी जागा बदलली त ते बोंबलते." जरा थांबून म्हणाले, "पण ते बोंबलली हे बोर्डानं ऐकलं पाह्यजे. प्रोसेसरपर्यंत पोचवलं पाह्यजे. नाई त उभी राहाते बिचारी."

यंत्र आलं. विकणाऱ्याने दिलेला छापील कागद मी माझ्या कागदाशेजारी ठेवला आणि ओळीने खुणा केल्या. प्रोसेसर, बरोबर. बोर्ड, बरोबर. मेमरी, छत्तीस चिपा, नऊच्या चार रांगा, बरोबर. चूक कळण्याची सोय, आहे, बरोबर. खाली तारीख घालून सही केली. पुढचे काही महिने मी सगळी कार्डं यंत्रात भरली आणि डॉक्टरांनी रद्दीवाल्याला सोमवारी यायला सांगितलं.

त्याआधीच्या गुरुवारी काका म्हणाले, "यंत्र उघडून पाहाचं हाय."

बोर्डाबरोबर आलेली पातळ पुस्तिका ते घरी घेऊन गेले होते. शब्दकोश शेजारी ठेवून त्यांनी ती नऊ दिवस वाचली होती. तिच्यात एका पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की चूक तपासण्याची सोय बोर्डाच्या प्रकारावर अवलंबून आहे. आपला प्रकार कोणता, हे मात्र पुस्तिकेत कुठेच नव्हतं.

डॉक्टर मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेले. "हे बघ, काका चांगले आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "पण त्यांना कार्डं नाही, खुर्ची सांभाळायची आहे. कार्डं गेली की त्यांना इथे यायला कारण उरत नाही. रद्दीवाल्याला मी थांबवणार नाही."

मला ते खरं वाटलं. आज लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं. मी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, पाहून घेऊ द्या, एक तासाचं काम आहे.

शुक्रवारी विकणाऱ्याचा माणूस आला. टाय लावलेला, हसतमुख तरुण. त्याने झाकण उघडून दाखवलं.

"अंकल, नौ के नौ लगे हैं. गिन लो."

"गिनले बाबू. नववीले कोणी इचारते का, ते पाहाचं हाय."

"कागदावर लिहून दिलंय ना, अंकल."

"लिहिलं हाय. पाह्यलं कोणी?"

तो हसला. काकांनी यंत्र बंद केलं, प्लग भिंतीतून काढला आणि मोरीत जाऊन नळाला हात लावून आले. अंगातली वीज उतरवून येतो, म्हणाले. मग खिशातून टेलिप्रिंटरच्या काळातला पातळ स्क्रूड्रायव्हर काढला. शेवटच्या रांगेतली नववी चिप या टोकाने जरा, त्या टोकाने जरा, अशी उचलत बाहेर घेतली आणि चहाच्या बशीत ठेवली. प्लग लावला. यंत्र सुरू केलं. पडद्यावर मेमरीचे आकडे चढत चढत शेवटपर्यंत गेले, एक बारीक शिटी वाजली आणि यंत्र कामाला तयार होऊन बसलं.

"देखा? चल रही है," तो तरुण म्हणाला.

"हो ना," काका म्हणाले. "चालून राहिली, हेच त."

डॉक्टरांच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं. त्यांनी बशीतल्या चिपेकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. दारातली बाई उचलून बाहेर ठेवली तरी घराला पत्ता नव्हता. नऊ होत्या, पण नववी नुसती बसवलेली होती. तो तरुण म्हणाला, बाकी सगळे असंच वापरतात, कोणाची तक्रार नाही.

"तक्रार येईन कशी?" काका म्हणाले. "तक्रार करणारीलेच कोणी इचारत नाई."

मी माझा कागद काढला. शेवटच्या ओळीपुढे माझी खूण होती आणि खाली सही. काकांनी तो वाचून परत दिला. "कागदाले कागद लावून पाह्यला तू," एवढंच म्हणाले. मला ती पट्टी आठवली, जी एक ओळ सरकली होती.

सोमवारचा रद्दीवाला डॉक्टरांनीच परत पाठवला. विकणाऱ्याने बोर्ड बदलून द्यायचं कबूल केलं. तो मुंबईहून यायला दोन महिने लागले. तेवढ्यात काकांनी मला रक्तगटाच्या आकड्याशेजारी अक्षरांतही गट लिहायला लावला, म्हणजे एक बिघडला तर दुसऱ्याशी त्याचं जुळणार नाही. फ्लॉपीच्या तीन प्रती करवल्या आणि तीन घरांत ठेवल्या.

नवा बोर्ड आला त्या दिवशी काका दहा-दहाला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक डबा होता. नळाला हात, स्क्रूड्रायव्हर, बशी, सगळं तसंच. या वेळी मेमरीचे आकडे अर्ध्यावर जाऊन अडकले. पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द उमटले आणि यंत्र थांबलं. मी कळा दाबून पाहिल्या. काही नाही.

"बोलली," काका म्हणाले.

असा आनंद मी त्यांच्या तोंडावर पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी पिशवीतून डबा काढला. संत्रा बर्फी होती. तो डबा बघून मला डॉक्टरांचं ते बोलणं आठवलं आणि लाज वाटली. यंत्र नापास व्हावं असं वाटणारा माणूस बर्फी घेऊन येत नाही. आज ते पास झालं की उद्यापासून त्या खोलीत वाचायला काही उरणार नव्हतं, आणि हे आम्हा सगळ्यांच्या आधी काकांना माहीत होतं.

त्यांनी झाकण अर्धं उघडलं आणि मी म्हटलं, "काका, रांगा चार आहेत. आपण एक पाहिली."

त्यांनी उघड्या यंत्राकडे पाहिलं.

"बाकीच्या तीन," मी म्हटलं, "लिहिलं हाय, का पाह्यलं हाय?"

डॉक्टर खाली बघून हसले. काकांनी डब्याचं झाकण लावलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुसला, परत घातला. "खरं हाय," म्हणाले. मग एकेक रांग, दर वेळी प्लग काढून, नळाला हात लावून. दीड तास लागला. चारही वेळा यंत्र थांबलं. तेव्हा कुठे बर्फी मिळाली.

पुढचे अकरा दिवस आम्ही शेवटचं वाचन केलं, कार्ड विरुद्ध पडदा. त्यांनी चिठ्ठ्या खिशात ठेवून चुकीचं वाचलं, मी सगळ्या चुका पकडल्या. शनिवारी रद्दीवाला आला तेव्हा काकांनी कोणाला हात लावू दिला नाही. सगळे कप्पे स्वतः जिन्याने खाली नेले. मग वर येऊन खिडकीजवळची खुर्ची उचलली आणि भिंतीशी लावून ठेवली, खाट आत यायला जागा व्हावी म्हणून.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाही. यंत्र छान चाललं होतं. बुधवारी मी दहा-दहाला जिन्याकडे पाहिलं, गुरुवारीही पाहिलं, आणि दुपारी इंदोऱ्याला गेले.

काका अंगणात सायकल पालथी करून बसले होते. ब्रेक सोडवून ठेवलेले. काकू दारातच म्हणाल्या, "बरं झालं आली वं. तीन दिवसांत घरातली सगळी कुलपं उघडून पाह्यली यानं. काल माह्या वंदनेचा दिवा इझवून पाह्यला, मले समजते का म्हणून. याले ने कुठं तरी."

मी त्यांच्यासमोर बसले. "काका, येत का नाही?"

"काहून येऊ? मशीन बोलते आता."

"बोलते कशावरून?"

"म्हणजे? पाह्यलं ना आपण. चारी रांगा."

"त्या दिवशी पाहिलं," मी म्हटलं. "आज नववी जाग्यावर आहे का? बोर्ड आजही ऐकतो का? कोणी पाहिलं?"

काकांनी चाक फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत बसले. मी पिशवीतून संस्थेचा कामाचा तक्ता काढला. सकाळीच टाइप केला होता. दर महिन्याच्या कामांत पहिली ओळ अशी होती: पहिला सोमवार, दहा वाजून दहा मिनिटं, चारही रांगांची नववी चिप काढून पाहणे. पुढे करणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात 'काका'. त्याखाली दुसरी ओळ: रोज, दहा वाजून दहा मिनिटं, आदल्या दिवशीच्या नव्या नोंदी मोठ्याने वाचणे. करणारे, तेच.

त्यांनी तो कागद हात पुसून घेतला आणि दोनदा वाचला.

"रोज काढली त चिपेचे पाय मोडतीन," ते म्हणाले. "महिन्यातून एकदा बरोबर हाय."

"म्हणून तसंच लिहिलंय."

"खुर्ची कुठं टाकशीन? तिथं त खाट आली."

"माझ्या टेबलाजवळ."

काकू आतून चहा घेऊन आल्या. काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, ज्या खिशात ते चिठ्ठ्या ठेवत. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आले आणि तार पाठवायला उभे राहिल्यासारखे थांबले.

"पह्यला सोमवार, दहा-दहा, रांगा चार, चिप नववी. एक, दहा, दहा, तीन, नऊ."

मी सायकलवर टांग टाकली होती. ती खाली घेतली.

"चार, काका."

"जागी हायेस," ते म्हणाले, आणि फाटकाची कडी लावून, ती नीट लागली का ते बाहेरून ढकलून पाहायला मला सांगितलं.